संशोधनासाठी अनुदान मागताना : जैववैद्यकीय प्रपोजल लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मेडिकल कॉलेजांतले तरुण शिक्षक, पीएचडी करणारे, जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर आणि ग्रामीण भागात आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते ग्रँटबद्दल जे विचारतात, त्यातले बरेचसे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात शिकवते. आजवर बरीच प्रपोजल लिहिली. काही मंजूर झाली, त्याहून जास्त परत आली. अलीकडे काही वर्षं इतरांची तपासतेही आहे.

उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे : नंदुरबार जिल्ह्यातल्या गरोदर महिला, त्यांच्यातला रक्तक्षय आणि सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार; त्याचं जनुक एकाच पालकाकडून आलं असेल ती व्यक्ती वाहक). त्यातले आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत. ते तुमच्या प्रपोजलमध्ये जसेच्या तसे घालू नका.

सुरुवात कुठून करायची?

एका प्रश्नापासून. फॉर्म उघडण्याआधी, बजेटचा विचार करण्याआधी, कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्या. प्रश्नचिन्ह लावता येत नसेल तर तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून सापडलेला नाही. परत येणाऱ्या प्रपोजलांपैकी बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

एका तरुण सहकाऱ्याने माझ्याकडे आणलेलं शीर्षक असं होतं : ‘आदिवासी गरोदर महिलांमधील रक्तक्षयाच्या विविध पैलूंचा अभ्यास.’ विषय महत्त्वाचा, कळकळ खरी. पण ‘विविध पैलू’ म्हणजे नेमकं काय मोजणार? आम्ही तासभर बोललो. बोलता बोलता तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे काही बायकांना गोळ्या नीट खाऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. त्यातल्या बऱ्याच जणी सिकलसेलच्या वाहक निघतात. गोळ्याच कमी लागू पडतात की आणखी काही कारण आहे, कळत नाही.’

प्रपोजल तिथे होतं. रोजच्या ओपीडीत त्याला खटकलेली गोष्ट होती ती, आणि शीर्षकात तिचा मागमूस नव्हता. मग वाक्य असं झालं : ज्या गरोदर महिलांचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी आहे, त्यांनी १२ आठवडे देखरेखीखाली लोहाच्या गोळ्या घेतल्या, तर ११ ग्रॅमपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण सिकलसेलच्या वाहक महिलांमध्ये इतर महिलांपेक्षा कमी असतं का?

कोण, काय दिलं, कोणाशी तुलना, काय मोजलं आणि किती काळाने, हे सगळं त्यात आहे. पुढचं सगळं प्रपोजल या एका वाक्यातून निघतं.

प्रश्न पैसे मिळण्याजोगा आहे हे कसं ओळखायचं?

त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर उद्या काय बदलेल आणि ‘नाही’ आलं तर काय, हे दोन्ही लिहून बघा. दोन्ही बाजूंना काहीतरी बदलत असेल तर प्रश्न दमदार आहे. आमच्या उदाहरणात वाहक महिलांना गोळ्या खरंच कमी लागू पडत असतील, तर त्यांच्यात रक्तक्षयाची दुसरी कारणं लवकर शोधावी लागतील, वेगळे उपचारही तपासावे लागतील. फरक नसेल, तर ‘वाहक आहे, म्हणून हिमोग्लोबिन कमीच राहणार’ असं म्हणत हातावर हात ठेवून बसण्याचं कारण उरत नाही. दोन्ही उत्तरं एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) ताईंच्या कामाची आहेत.

दुसरी कसोटी : काय मोजायचं ते आधी ठरलेलं आहे का? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांची विंचूदंशावरची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. नुसतं प्राझोसिन हे औषध द्यायचं की प्राझोसिनबरोबर प्रतिविषही, एवढाच प्रश्न. रुग्ण ७०, दोन्ही गटांत ३५-३५. मोजायचं काय, तर औषध दिल्यापासून १० तासांत घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, रक्तदाबातली गडबड ही लक्षणं किती जणांत पूर्ण ओसरली. कोकणातल्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या रुग्णालयातून हे काम झालं. ‘रुग्ण सुधारला’ अशा मोघम शब्दांवर ते उभं असतं, तर जगाने त्याची दखल घेतली नसती.

छोट्या कॉलेजातून किंवा संस्थेतून अर्ज केला, तर मोठ्या संस्थांपुढे निभाव लागेल का?

लागतो, फक्त त्यांच्या मैदानावर जाऊन खेळू नका. जनुकांचं सिक्वेन्सिंग करणारी यंत्रं तुमच्याकडे नसतील. पण माणसं तुमच्याकडे आहेत, आणि त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे.

गडचिरोलीचं उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण प्रपोजल लिहिणाऱ्याने ते पद्धतीसाठी वाचायला हवं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास मांडला. किती स्त्रियांना स्त्रीरोग आहे, हा साधा प्रश्न होता. उत्तर आलं ९२ टक्के. १९९९ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास आला. ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. गावोगावी जन्म आणि मृत्यू चोख नोंदवणारी माणसं असल्याशिवाय असा अभ्यास उभा राहत नाही. ही ताकद दिल्लीतल्या प्रयोगशाळेकडे नसते.

म्हणून ‘आमची संस्था’ या भागात इमारतीचं वर्णन करू नका. गेल्या वर्षी तुमच्याकडे किती गरोदर महिलांची नोंदणी झाली, त्यातल्या किती जणी तिसऱ्या तपासणीलाही आल्या, आशाताईंशी तुमचं किती वर्षांचं नातं आहे, ते लिहा.

पैसे देतं कोण?

आरोग्य संशोधनासाठी पहिलं नाव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेली ही संस्था १९४९ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. बाहेरच्या संस्थांना ती लहान आणि मध्यम अशा गटांत अनुदान देते. अलीकडच्या कॉलमध्ये (अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत) लहान गटाची मर्यादा २ कोटी रुपये आणि मध्यम गटाची २ ते ८ कोटी रुपये होती. प्रत्येक कॉलचे नियम त्या कॉलपुरते असतात, तेव्हा ताजी जाहिरातच प्रमाण माना.

मूलभूत जीवशास्त्राकडे झुकणारं काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी. सर्ब (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) हे नाव अजून लोकांच्या तोंडात आहे, पण २०२३ च्या कायद्याने तिची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, एएनआरएफने घेतली. डीबीटी आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स प्रामुख्याने व्यक्तीला फेलोशिप देते, त्यात डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळा प्रवाह आहे. उपकरण, निदानाचं किट किंवा असं काही बनवायचं असेल तर बायरॅककडे (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) जा. त्यांच्या ‘बिग’ योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मिळते.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस (अल्पकालीन विद्यार्थी संशोधन) योजना १९७९ पासून चालू आहे. रक्कम छोटी असते, पण प्रश्न मांडायची पहिली सवय तिथे लागते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती दर वर्षी भरायलाच लावते.

अर्ज करण्याआधी पात्रता स्वतः वाचा. स्वयंसेवी संस्थेला बहुतेक सरकारी अनुदानांसाठी डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. परदेशातून पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. दोन संस्था मिळून काम करायचं ठरवत असतील तर हे पहिल्याच बैठकीत बोला.

आधीच्या संशोधनाचा आढावा किती लांब असावा?

तुमचा प्रश्न अजून का सुटलेला नाही हे पटेल, एवढाच. थिसिसमधलं प्रकरण कापून चिकटवलं की तपासणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं. ‘रक्तक्षय ही जागतिक समस्या आहे’ हे वाक्य तर मी आता वाचतही नाही, डोळे आपोआप पुढे जातात.

तीन गोष्टी सांगा : काय माहीत आहे, कुठे अडलं आहे, तुमचं काम ते कसं सोडवेल. गरोदरपणातल्या रक्तक्षयासाठी शिरेतून लोह देण्याच्या मोठ्या चाचण्या कर्नाटक आणि राजस्थानात झाल्या आहेत, हे आपणहून लिहा. तुमच्या विषयाच्या जवळ जाणारं काम लपवलं, तर तुम्ही वाचलेलंच नाही असा अर्थ निघतो. ते नाव घेऊन सांगितलं आणि ‘सिकलसेलचा पट्टा असलेल्या भागात गोळ्यांचं काय होतं हा प्रश्न वेगळा आहे’ असं म्हटलं, की तुमची जागा स्पष्ट होते. सरकारच्या कार्यक्रमाशी असलेला धागाही दाखवा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं त्याचं लक्ष्य आहे. त्या तपासणीतून लाखो वाहक समोर येणार आहेत, आणि त्यातल्या गरोदर महिलांना काय सांगायचं, तोच तुमचा प्रश्न आहे.

उद्दिष्टं किती ठेवावीत?

मुख्य एक, दुय्यम दोन. फार तर तीन.

माझं पहिलं प्रपोजल परत आलं तेव्हा सोबत दोनच ओळी होत्या : पाच उद्दिष्टं आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा अभ्यास लागेल. मला फार लागलं होतं ते. महिनाभर मी ती फाईल उघडली नाही. मग एका रविवारी बसून प्रत्येक उद्दिष्टासमोर ‘हे कशाने मोजणार’ आणि ‘किती लोकांत मोजणार’ असे दोन रकाने आखले. पाचपैकी तीन उद्दिष्टांसमोरचे रकाने मला भरताच आले नाहीत. ती तीन काढली, उरलेल्या दोनांवर नवं प्रपोजल लिहिलं, आणि ते मंजूर झालं. हे दोन रकाने मी आजही प्रत्येक प्रपोजलसाठी आखते.

सॅम्पल साइझचा भाग स्टॅटिस्टिशियनकडून लिहून घेतला तर चालेल ना?

गणित त्यांच्याकडून करून घ्या, पण त्यात घालायचे आकडे तुमचेच हवेत. ‘फॉर्म्युला लावला, ३८४ आले’ अशी प्रपोजल ढिगाने येतात. प्रमाण ५० टक्के धरलं आणि ५ टक्क्यांची अचूकता मागितली की नेहमी ३८४ च येतात, विषय काहीही असो. तो आकडा दिसला की तपासणारा ओळखतो की इथे कोणी विचार केलेला नाही.

आमच्या उदाहरणात दोन गटांची तुलना आहे. समजा, वाहक नसलेल्या महिलांत ६५ टक्के जणी ११ ग्रॅमपर्यंत पोहोचतात, आणि वाहकांमध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर असेल तर तो फरक आम्हाला पकडायचा आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली की प्रत्येक गटात साधारण १६७ महिला लागतात.

आता गळती. पुस्तकात १० टक्के धरा म्हणतात. पण गरोदर बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात असतं. दिवाळीनंतर नंदुरबारमधली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये कामाला जातात. १२ आठवड्यांनी रक्त घ्यायला गेलात तर घराला कुलूप. म्हणून गळती २० टक्के धरली, १६७ ला ०.८ ने भागलं, प्रत्येक गटात २०९ महिला आल्या. एकूण ४१८.

तेवढ्या मिळतील का? एका केंद्रावर महिन्याला १०० नव्या नोंदण्या होतात असं धरू. त्यात १२ वाहक, त्यातल्या ७ जणींचं हिमोग्लोबिन कमी, ७ पैकी ५ सहभागाला तयार. प्रकल्प दोन वर्षांचा. पहिले ४ ते ५ महिने माणसं नेमण्यात आणि प्रशिक्षणात जातात. शेवटचे ५ ते ६ महिने उरलेल्या महिलांच्या पाठपुराव्याला आणि विश्लेषणाला लागतात. नाव नोंदवायला हातात १४ महिने. ५ गुणिले १४ म्हणजे ७०. हवेत २०९. म्हणजे एका केंद्राने भागत नाही, तीन केंद्रं घ्यावी लागतील, आणि ती घेतली तर २१० होतात. इतक्या काठावरच्या हिशेबाने मला तर झोप लागणार नाही. मी चौथं केंद्र राखीव ठेवीन आणि तसं प्रपोजलमध्ये लिहीन.

हा एक परिच्छेद तुमच्या अर्जातला सगळ्यांत वजनदार परिच्छेद ठरू शकतो. माहेरपण आणि ऊसतोड ज्याने हिशेबात धरली, तो माणूस तिथे काम करून आलेला आहे, हे वाचणाऱ्याला समजतं.

प्राथमिक माहिती हवीच का?

मोठ्या रकमेसाठी हवीच. लहान अनुदानात थोडी चालते, पण अजिबात नसेल तर कठीण जातं. त्यासाठी वेगळे पैसे लागतातच असं नाही. एथिक्स समितीची परवानगी घेऊन ओपीडीच्या मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी बघा, विद्यार्थ्याच्या एसटीएसमधून ३० महिलांचा पाठपुरावा करा. ३० पैकी २४ जणी परत आल्या, एवढं सांगता आलं तरी वरचे गळतीचे २० टक्के तुमच्या अनुभवाचे होतात.

एथिक्सचा भाग शेवटी भरला तर काय बिघडतं?

पुष्कळ. एथिक्सचा विचार उशिरा केला की अभ्यासाची रचनाच बदलावी लागते.

आमच्या उदाहरणात आपण बाईला सांगणार की ती सिकलसेलची वाहक आहे. ही बातमी कोणाला सांगायची? नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, सासू दारात उभी असते. घरात कळलं तर ‘पोरीत खोट आहे’ असं बोललं जातं, तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत ते निघतं. तेव्हा निकाल फक्त तिलाच, बंद खोलीत, समुपदेशन शिकलेल्या बाईकडून सांगितला जाईल, तिची इच्छा असेल तरच नवऱ्याला बोलावलं जाईल आणि त्याची तपासणी केली जाईल, हे लिहावं लागतं. मग समुपदेशकाचा पगार बजेटमध्ये येतो, खोलीची सोय केंद्राच्या पत्रात येते. शेवटच्या रात्री हे सुचत नाही.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे तेवढ्यानेही भागत नाही, पावरी आणि भिलीत समजावणारं माणूस लागतं. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य वाचून कोणाला काही कळत नाही. ‘नको वाटलं तर नाही म्हणा, तुमच्या गोळ्या आणि तपासणी चालूच राहील’ हे कळतं. एका पाड्यावर एका आजीने मला विचारलं होतं, ‘रक्त नेता, मग त्याचं पुढे काय करता?’ आमच्या संमतीपत्रात याचं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक संमतीपत्रात दुसऱ्या ओळीत ते असतं : रक्त कुठे जाईल, त्याच्या कोणत्या तपासण्या होतील, उरलेलं कधी नष्ट केलं जाईल.

नियमांपैकी हे हाताशी ठेवा. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम. तुमच्या कॉलेजच्या एथिक्स समितीची नोंदणी चालू आहे ना, हे सदस्य-सचिवांना आधीच विचारा. चाचणीची सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. प्राण्यांवरचं काम असेल तर प्राणी नीतिशास्त्र समिती, पुनर्संयोजित डीएनएचं काम असेल तर जैवसुरक्षा समिती. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

को-पीआय (सह-संशोधक) म्हणून एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव घालावं का?

ते काम करणार असतील तर जरूर. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचं काम एका ओळीत लिहा. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, ते नाव अर्ज कमजोर करतं. आमच्या उदाहरणात स्त्रीरोगतज्ज्ञ, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी बघणारे पॅथॉलॉजिस्ट, स्टॅटिस्टिशियन आणि केंद्राचे वैद्यकीय अधिकारी एवढे पुरे. ज्येष्ठांना नाराज करायचं नसेल तर त्यांना मसुदा वाचायला द्या आणि मनापासून सल्ला घ्या. बहुतेकांना तेच जास्त आवडतं.

बजेट वाढवून मागावं का? शेवटी कापतातच.

वाढवू नका. प्रत्येक आकड्याला प्रपोजलमध्ये कुठेतरी पाय असला पाहिजे.

४१८ महिला, प्रत्येकीची फेरिटिन तपासणी दोनदा, म्हणजे ८३६ तपासण्या. एका तपासणीला ५०० रुपये धरले तर ४ लाख १८ हजार. असा हिशेब लिहिला की कापायला जागा राहत नाही. ‘केमिकल्स व इतर : १० लाख’ असं लिहिलं तर समिती ते पाचवर आणते, आणि तिचं चुकत नाही. मी तपासलेल्या एका अर्जात उद्दिष्टात ४०० रुग्ण होते आणि किट २५० रुग्णांचे मागितले होते. प्रश्न सुंदर होता. पण दोन पानं एकाच माणसाने एकाच वेळी वाचलेली नव्हती, हे उघड होतं.

माणसांचे पगार निधी देणाऱ्या संस्थेच्या नियमानेच धरा. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता आहे, एसआरएफला (वरिष्ठ फेलोला) ४२,०००. क्षेत्रकाम करणाऱ्यांच्या प्रवासखर्चात कंजुषी करू नका. धडगावच्या पाड्यांवर जीप जिथपर्यंत जाते तिथून पुढे चालावं लागतं, एका दिवसात तीन-चार घरांपेक्षा जास्त होत नाहीत. रक्ताचे नमुने गार ठेवायचे डबे, बर्फाचे पॅक, वीज गेली तर फ्रीजला पर्याय, ही सोय पहिल्या वर्षात घाला.

यंत्रसामग्री मागताना ती कॉलेजात दुसऱ्या विभागात आहे का ते बघा. असेल तर त्या विभागाचं वापरू देण्याचं पत्र जोडा. त्याचा परिणाम फार चांगला होतो.

इंग्रजी चांगलं नाही. त्याचा फटका बसेल का?

अवघड इंग्रजीचा जास्त बसतो. आधी मराठीत लिहून काढा. मी स्वतः सारांश आधी मराठीत लिहिते, आईला वाचून दाखवते आणि ती जिथे ‘म्हणजे?’ विचारते ती वाक्यं पुन्हा लिहिते. मग इंग्रजीत छोटी वाक्यं करते.

सारांशावर वेळ घालवा. समितीतले बरेच सदस्य तुमच्या विषयाचे नसतात. एका बैठकीत त्यांच्यापुढे बरेच अर्ज असतात, आणि तुमच्याविषयीची चर्चा काही मिनिटांत आटोपते. ज्याने पूर्ण अर्ज वाचला आहे त्याला इतरांना तुमचं काम तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ती तीन वाक्यं तुम्हीच सारांशात लिहून द्या.

एआयकडून लिहून घेतलं तर?

व्याकरण सुधारायला वापरा, पण आधी त्या संस्थेचे नियम वाचा, काही ठिकाणी मर्यादा घातलेल्या आहेत. संदर्भ मात्र एकेक करून स्वतः उघडून बघा. अस्तित्वातच नसलेला एक शोधनिबंध सापडला तरी तुमच्या उरलेल्या अर्जावरचा विश्वास उडतो. आणि रुग्णांची माहिती अशा कुठल्याही साधनात टाकू नका.

किती दिवस आधी सुरुवात करावी?

कॉल निघाल्यावर हातात बहुधा महिना-दीड महिनाच असतो. प्रश्न, आढावा आणि सॅम्पल साइझ ही कामं कॉलची वाट न बघता करता येतात. डीनची सही, सहकारी संस्थांची पत्रं, एथिक्सची बैठक यांना लागणारे दिवस तुमच्या हातात नसतात, ती कामं पहिल्या आठवड्यातच सुरू करा. पोर्टलवर खातं आधीच उघडा, शेवटच्या संध्याकाळी ते हमखास रखडतं.

प्रपोजल नाकारलं. आता?

दोन दिवस शेरे वाचू नका. मग छापून घ्या आणि एकेका शेऱ्यापुढे लिहा : हे मी दुरुस्त करू शकते, हे मी नीट सांगितलं नव्हतं, हे मला पटत नाही. दुसऱ्या गटात सगळ्यांत जास्त शेरे येतात, आणि ते सहज सुधारता येतात. ‘त्यांनी नीट वाचलंच नाही’ असं वाटलं तर तेवढा भाग तुमच्या शेजारच्या विभागातल्या माणसाला वाचायला द्या. तोही अडखळला तर मजकूर बदला.

पुन्हा अर्ज करायची मुभा असेल तर प्रत्येक शेऱ्याला नम्र, मुद्देसूद उत्तर द्या. न पटलेल्या शेऱ्यालाही उत्तर द्या, कारणासकट. दुसरीकडे पाठवत असाल तर त्या संस्थेला काय हवं आहे ते बघून पुन्हा बांधा. तोच अर्ज नाव बदलून पाठवला की ते दिसतं.

मंजूर झालं. पहिल्या महिन्यात काय करू?

मंजुरीपत्रातली प्रत्येक अट वाचा आणि अकाउंट्स विभागात जाऊन बसा. स्वतंत्र खातं, पीएफएमएसवरची (सरकारी पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवरची) नोंद, खरेदीची पद्धत हे तिथल्या लोकांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कशासाठी पैसे आलेत हे त्यांना सांगा. आमच्या एका प्रकल्पात हिशेब बघणाऱ्या काकांना मी एकदा केंद्रावर घेऊन गेले होते. त्यानंतर बर्फाच्या पॅकचं बिल कधी अडलं नाही.

वर्षाअखेरीला युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) ठरलेल्या नमुन्यात लागतं, तेव्हा दर महिन्याला खर्च मांडत जा. पुढचा हप्ता त्यावर अवलंबून असतो, आणि त्या हप्त्यावर तुमच्या क्षेत्रकार्यकर्त्यांचा पगार.

आणि केंद्रावर पहिली महिला नोंदवण्याआधी सगळ्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवून ते प्रश्नचिन्हाचं वाक्य त्यांच्या भाषेत सांगा. आमच्या एका ताईंनी ते ऐकून विचारलं होतं, ‘मग गोळ्या जेवल्यावर खाल्ल्या की उपाशीपोटी, हे पण लिहायचं ना?’ ते फॉर्ममध्ये नव्हतं. त्याच दुपारी घातलं.